मक्याचा पाव मोडतो का, आणि सारणाला तोच का चालतो

मक्याचे पीठ गार पाण्यात भिजवून भाकरी थापायला घेतली, की दोन-चार थापांतच तिच्या कडा फाटू लागतात आणि परातीतून तव्यावर जाईपर्यंत ती अखंड राहील याची खात्री नसते. त्याच परातीत गव्हाची कणीक मळली तर ती ताणते, लाटली जाते, पोळीची चार पदरी घडी घातली तरी तुटत नाही. पिष्ट, म्हणजे स्टार्च, दोन्ही धान्यांत साधारण सारखाच, वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास. प्रथिनांतही फार फरक नाही. तरी एक पीठ धरून ठेवते आणि दुसरे सोडून देते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत हा फरक लोकांना रोजच्या पावात पाहावा लागला. आज त्याच देशात काही घरांत असा मोडणारा पाव मुद्दाम भाजतात. तो कापून खाण्यासाठी नसतो. त्याचा चुरा करून टर्कीच्या किंवा हंसाच्या पोटात सारण म्हणून भरतात.

पिवळ्या पावाचे दिवस

१९४६-४७ चा हिवाळा जर्मनीत उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या ताब्यातल्या भागांत अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते आणि बराचसा शिधा बाहेरून येत होता. जगभर गव्हाची टंचाई होती, म्हणून अमेरिकेतून मका आला आणि बेकऱ्यांतल्या पिठात मिसळला गेला. राय आणि गव्हाच्या पावावर वाढलेल्या लोकांच्या हाती पिवळसर पाव पडू लागला. कापायला घेतला की तो भुगा व्हायचा, दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत.

या मक्याबद्दल एक गोष्ट जर्मनीत अजून सांगितली जाते. जर्मनांनी ‘कोर्न’ मागितले, म्हणजे त्यांच्या भाषेत धान्य, त्यातही मुख्यतः राय. अमेरिकनांनी ‘कॉर्न’ ऐकले आणि मका पाठवला. गोष्ट सांगोवांगीची आहे. गव्हाची टंचाई हे कारण एकटेच पुरेसे होते. पण तिच्या मुळाशी असलेला शब्दांचा खेळ खरा आहे. ज्या मुलखात जे मुख्य धान्य, त्यालाच तिथे नुसते ‘धान्य’ म्हणायची रीत पडते. देशावर नुसती ‘भाकरी’ म्हटली की ज्वारीची आणि कोकणात तांदळाची, तसेच हे. मका जर्मनीत कायम परका पाहुणा राहिला. वनस्पतीशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२ च्या आपल्या ग्रंथात मक्याचे चित्र छापले तेव्हा त्याला तुर्की धान्य म्हटले, कारण अमेरिकेतून आलेले हे रोप तुर्कस्तानातून आले असे त्यांना वाटत होते. पॅलाटिनेटच्या बोलीत त्याला ‘वेल्शकोर्न’ म्हणतात, म्हणजे परमुलखातले धान्य. आज जर्मनीत २० लाख हेक्टरांच्या आसपास जमिनीवर चाऱ्याचा मका उभा असतो, पण तो गुरांच्या गव्हाणीत आणि बायोगॅसच्या टाक्यांत जातो.

त्यामुळे मका माणसाला खायला घालणे अनेकांना अपमानास्पद वाटले. जानेवारी १९४८ मध्ये अमेरिकी-ब्रिटिश संयुक्त विभागाचे अर्थप्रशासक योहान्नेस झेमलर यांनी एर्लांगनच्या भाषणात या मक्याला कोंबड्यांचे खाद्य म्हटले, आणि त्याचे पैसेही आपल्याकडून घेतले जातात अशी तक्रार केली. त्याच महिन्यात लष्करी प्रशासकांनी त्यांना पदावरून काढले. त्यांच्या जागी आले लुडविग एरहार्ड, पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले. त्या कोंबडखाद्याने एका माणसाची खुर्ची घेतली आणि दुसऱ्याची वाट मोकळी केली.

गोणपाट नसलेला किल्ला

पाव भुगा होण्याचा दोष मात्र अमेरिकेचाही नव्हता आणि बेकऱ्यांचाही नव्हता. तो मक्याच्या प्रथिनाच्या स्वभावात आहे.

दिवाळीत मुले किल्ला करतात तेव्हा दगड-विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकतात. वाळल्यावर मातीला भेगा पडल्या तरी ती ढासळत नाही, कारण आतले तागाचे धागे तिला धरून असतात. नुसत्या ओल्या वाळूचा किल्लाही उभा राहतो, पण वाळूत ओल आहे तोवरच.

गव्हात हे गोणपाट असते. त्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाण्यात भिजून मळली गेली, की एकमेकांत गुंतून चिवट जाळे विणतात. या जाळ्याचे नाव ग्लुटेन. पिष्टाचे कण त्यात अडकून बसतात, वायूचे बुडबुडेही त्यात कोंडले जातात, म्हणून पाव फुगतो आणि फुगलेला राहतो. मक्यातले मुख्य प्रथिन झेइन. ते पाण्याशी फटकून वागते, भिजत नाही, ताणत नाही, जाळे विणत नाही. मक्याचे पीठ कितीही मळले तरी ती ओली वाळूच.

जर्मनांच्या आवडत्या रायमध्येही गव्हासारखे जाळे तयार होत नाही. तरी रायचा पाव पातळ कापता येतो, त्यावर लोणी फासता येते. रायमध्ये पेंटोसान नावाचे बुळबुळीत घटक भरपूर असतात. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून खळीसारखे घट्ट होतात आणि पीठ एकत्र ठेवतात. मक्याजवळ गव्हाचे जाळे नाही आणि रायइतकी खळही नाही.

उकड कशासाठी

तरीही मक्याची भाकरी होते, कारण पीठ कढत पाण्यात भिजवतात. पिष्टाचे कण गार पाण्यात जवळजवळ तसेच राहतात. पाणी तापून मक्याच्या बाबतीत साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. कपड्यांना घालायची खळ किंवा मोदकाची उकड म्हणजे हेच. कढत पाण्याने पिठातला थोडा पिष्ट आधीच खळ होतो आणि बाकीच्या पिठाला डिंकासारखा धरतो. जर्मन बेकरही भरड धान्यावर उकळते पाणी ओतून ते तासन्‌तास मुरू देतात आणि मग पावाच्या पिठात घालतात. या मिश्रणाला ते ‘ब्र्यूश्ट्युक’ म्हणतात, म्हणजे उकळत्या पाण्याने भिजवलेला भाग.

मक्याच्या पावाला मात्र नुसती उकड पुरत नाही. त्याला फुगायचेही असते. यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडते आणि तेवढा वेळ तो कोंडून धरायला जाळे हवे. मक्यात ते नसल्याने वायू झटपट निर्माण व्हावा आणि तो निसटण्याआधी अंडे व पिष्ट उष्णतेने आवळून घट्ट व्हावे, अशी घाई लागते. ही घाई खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ करून देतात: ताकातले आम्ल सोड्याला भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लगेच सुटतात. इन्स्टंट ढोकळा फुगतो तो याच न्यायाने.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडे आम्ल एकाच पुडीत; पाणी लागेपर्यंत दोघे शांत. गीसनला युस्टुस फॉन लीबिग यांच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये अशा पावडरीसाठी फॉस्फेटयुक्त आम्ल करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जर्मनीत ही पुडी घरोघर पोचवली ती बीलेफेल्डचे औषधविक्रेते आउगुस्ट ओएटकर यांनी. १८९१ मध्ये त्यांनी तिथले औषधांचे दुकान घेतले आणि एका पाउंडाच्या, म्हणजे अर्ध्या किलोच्या, पिठाला पुरेल एवढी पावडर एकेका पुडीत भरून विकली. जर्मन पाककृतींत आजही ‘एक पुडी बेकिंग पावडर’ असेच लिहितात. मक्याच्या पावाला अमेरिकन म्हणतात, पण त्याच्या फुगण्यामागे गीसनच्या प्रयोगशाळेचा हात आहे.

दुकानातली नावे (चौकट)

जर्मन दुकानात मक्याची तीन वेगळी पिठे मिळतात आणि त्यांची अदलाबदल केली की पाव हमखास बिघडतो. ‘माइसग्रीस’ म्हणजे मक्याचा रवा. ‘पोलेंटा’ नावाने मिळतो तोही हाच, कधी बारीक कधी जाड. पावाला बारीक रवा उत्तम. ‘माइसमेल’ म्हणजे दळलेले पीठ. तेही चालते, पाव थोडा दाट होतो. ‘माइसश्टेर्के’ किंवा ‘श्पाइजेश्टेर्के’ म्हणजे पांढरा शुभ्र निव्वळ पिष्ट, आपल्याकडे ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात तो. तो सूप दाट करायला, पावाला नाही. मैद्याच्या जवळचे गव्हाचे पीठ ‘टाइप ४०५’. हा आकडा राखेचा आहे: १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळले तर साधारण ४०५ मिलिग्रॅम खनिजे उरतात. आकडा वाढला की कोंडा वाढला. ‘बुटरमिल्ख’ म्हणजे ताक, आणि खाण्याच्या सोड्याला ‘नाट्रॉन’ म्हणतात.

सारणासाठीचा पाव

सारणाचा पाव आणि चहाबरोबर खायचा पाव यांत फरक आहे. खायच्या पावात अनेक जण साखर घालतात. सारणाच्या पावात ती नको. साखर ओल धरून ठेवते, पाव वाळू देत नाही, आणि कांदा-मिरीच्या सारणात गोडवा विचित्र लागतो. पाव थोडा कोरडा, थोडा खरबरीत आणि वरून चांगला खरपूस असला की काम होते.

२०० ग्रॅम बारीक मक्याचा रवा आणि १५० ग्रॅम टाइप ४०५ चे पीठ हे प्रमाण बरे पडते. गव्हाचे पीठ गोणपाटापुरते. नुसत्या मक्याचाही होतो, पण पुढे रस्सा ओतल्यावर तो लापशी होण्याकडे झुकतो. यात एक चमचा मीठ, दोन चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. वेगळ्या भांड्यात ३०० मिलिलिटर ताक, २ अंडी आणि ६० ग्रॅम वितळलेले लोणी. रवा ताकात पंधरा मिनिटे आधी भिजवून ठेवला तर दाताखाली कचकचत नाही. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र शेवटी, कोरड्या पिठातून. आधी घातली तर बुडबुडे ओव्हनमध्ये जाण्याआधीच उडून जातात.

मिश्रण पळीने ओतता येईल इतके सैल, भज्यांच्या पिठापेक्षा जरा पातळ असावे. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचे भांडे ओव्हनमध्ये आधी तापवून त्यात थोडे लोणी सोडायचे. ओतताना चर्र असा आवाज झाला की तळ धरला समजायचे: तळाचा थर लगेच घट्ट होतो आणि नंतर खरपूस तांबूस होतो. हा तांबूसपणा म्हणजे उष्णतेने प्रथिने आणि साखरेचे अंश यांत होणारी माइयार प्रक्रिया. सारणाची निम्मी चव तिथे असते. ओव्हन वरच्या-खालच्या उष्णतेवर २०० अंश, पंखा लावून १८० अंश. पंचवीस मिनिटांच्या आसपास पाव कडेने सुटू लागतो.

शिळे वेगळे, वाळलेले वेगळे

फोडणीची पोळी कालच्या पोळीची, फोडणीचा भात रात्रीच्या भाताचा. ताजी पोळी कुस्करली की लगदा होतो, ताजा भात परतला की गोळे होतात. सारणाचेही असेच. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते.

पाव शिळा होतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते, अशी सर्वसाधारण समजूत. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखवले की पाणी उडू न देता हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तो पुन्हा गरम केला की मऊ पडतो. गेले नाही तर पाणी कुठे असते? ते आतच असते, फक्त जागा बदलते. भाजताना फुगून मोकळा झालेला पिष्ट थंड होताना पुन्हा शिस्तीत रांगा लावू लागतो आणि ताठ होतो. फ्रिजमधला भात दाणा-दाणा मोकळा होतो तो यामुळे. फ्रिजच्या गारव्यात हा ताठरपणा सर्वांत लवकर येतो. बर्फाच्या कप्प्यात तो जवळजवळ थांबतो.

प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस ठेवलेला पाव म्हणूनच शिळा असतो, पण वाळलेला नसतो. हाताला कडक लागतो आणि आत पाणी तसेच भरलेले. ओल्या स्पंजने सांडलेले पाणी टिपायला गेले तर तो किती टिपणार? सारणाला रस्सा प्यायचा असतो, म्हणून आधी पाणी काढून त्याची जागा मोकळी करावी लागते. पावाचे लाडवाच्या चुरम्याहून मोठे, बोराएवढे तुकडे करून परातीत पसरायचे आणि १२० अंशांवर अर्धा-पाऊण तास, मधूनमधून हलवत, आतून कोरडे होईपर्यंत ठेवायचे. रात्रभर उघड्यावर ठेवूनही चालते, पण जर्मनीच्या दमट नोव्हेंबरात ओव्हनवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे.

क्नोडलच्या देशातले सारण

शिळ्या पावाचे काय करावे हे बव्हेरियाला शिकवायची गरज नाही. तिथल्या बेकऱ्या सेमल, म्हणजे छोटे पांढरे पाव, उरले की कापून वाळवतात आणि ‘क्नोडलब्रोट’ म्हणून पिशवीत भरून विकतात. त्यावर गरम दूध ओतून अंडी, परतलेला कांदा आणि पार्सली घातली, अर्धा तास मुरू दिले, गोळे वळून सळसळत्या पाण्यात शिजवले, की सेमलक्नोडल तयार. हेच मिश्रण वासराच्या छातीच्या मांसात खिसा करून भरले की ‘गेफ्युल्टे काल्ब्सब्रुस्ट’. वाळलेला पाव, गरम द्रव, बांधायला अंडे: मक्याच्या सारणाचे सूत्र यापेक्षा वेगळे नाही.

फरक धरून ठेवण्यात आहे. सेमलचा तुकडा भिजला तरी त्यातले ग्लुटेनचे जाळे शाबूत असते. तो पिळता येतो, आकार सोडत नाही. मक्याचा तुकडा प्रमाणाबाहेर भिजला की कणाकणात सुटतो. पण या विरघळण्यातच त्याचा उपयोग आहे. सुटलेले कण रस्सा, लोणी आणि पक्ष्याची चरबी पिऊन तुकड्यांच्या मधल्या जागा भरतात आणि सारण मऊ, मिळून येणारे होते. म्हणून दोन भाग मक्याचा चुरा आणि एक भाग क्नोडलब्रोट अशी जोड जर्मन स्वयंपाकघरात उत्तम जमते: एक आकार सांभाळतो, दुसरा चव आणि ओल.

लोण्यात दोन कांदे आणि तेवढीच सेलरी मऊ होईपर्यंत परतायची. दांड्यांची सेलरी नसेल तर जर्मनीत सर्रास मिळणारा सेलरीचा कंद बारीक चिरून चालतो. त्यात सेजची पाने, मिरी, मीठ. हे सगळे चुऱ्यात मिसळून गरम रस्सा एकदम न ओतता थोडा-थोडा घालायचा. वरच्या प्रमाणाच्या पावाला ३०० ते ४०० मिलिलिटर लागतो. मूठ आवळली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर फुटावा आणि मुठीतून पाणी गळू नये. शेवटी दोन अंडी फेटून. गरम रस्सा जिरून मिश्रण कोमट झाल्यावरच ती घालावीत, नाहीतर त्यांची भुर्जी होते.

हे सारण कशात भरायचे, हे घरावर अवलंबून. कायझरस्लाउटर्नच्या परिसरात अमेरिकन सैन्याची मोठी वस्ती आहे, आणि हा परिसर त्या ‘वेल्शकोर्न’च्या पॅलाटिनेटमध्येच येतो. तिथल्या अमेरिकन घरांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, टर्की असते. जर्मन घरांत ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, हंस भाजतात. त्याच्या पोटात सफरचंद, कांदा, चेस्टनट आणि ‘बायफुस’ नावाची कडसर वनस्पती जाते. ही बायफुस दवण्याच्या कुळातली. जोतिबाला वाहतात त्या दवण्याची लांबची बहीण म्हणता येईल. हंसाची चरबी तोंडात साचू नये म्हणून हा कडसरपणा. मक्याच्या सारणातही तिची चिमूट छान लागते, मात्र हंसात भरायचे सारण लोणी निम्मे करूनच बांधावे, कारण पक्षी स्वतःच भरपूर चरबी सोडतो.

पोटात की भांड्यात

पक्ष्याच्या पोटातले सारण म्हणजे दुलईत गुंडाळलेला गोळा. उष्णता बाहेरून आत हळूहळू शिरते, आणि मांस शिजून तयार झाले तरी मधले सारण कोमटच असू शकते. कच्च्या पक्ष्याचा रस त्यात मुरलेला असतो आणि त्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेचा सल्ला असा, की आतल्या भागाचे तापमान किमान दोन मिनिटे ७० अंश राहिले पाहिजे. त्यासाठी सळईचा तापमापक सारणाच्या मधोमध खुपसावा, मांसात नव्हे. सारण आदल्या रात्री भरून ठेवू नये. ओव्हनमध्ये घालायच्या वेळीच, आणि सैलसर भरावे, कारण अंडे आवळताना आणि चुरा रस पिताना ते फुगते. ठासून भरले तर मधोमध उष्णता पोचत नाही आणि सारणाचा दगड होतो.

अनेक घरांत म्हणून सारण वेगळ्या भांड्यात भाजतात. वीस मिनिटे झाकून, मग झाकण काढून आणखी वीस मिनिटे, १८० अंशांवर. वरचा थर कुरकुरीत होतो, जे पक्ष्याच्या पोटात कधीच होत नाही. पक्ष्याचा रस मिळत नाही ही खोट रश्शाचे प्रमाण थोडे वाढवून भरून काढता येते.

उरलेले सारण रात्री फ्रिजमध्ये ठेवले की त्यातला पिष्ट पुन्हा ताठ होतो आणि सकाळी त्याचे सुरीने सरळ काप पडतात. बव्हेरियात उरलेल्या क्नोडलचे काप लोण्यात तांबूस परतून त्यावर अंडी फोडतात. मक्याच्या सारणाचे कापही तव्यावर तसेच परतले जातात. फक्त उलथताना झारा पूर्ण खाली सारून उचलावा लागतो.